रिकाम्या रुळावरचा दिवा

मी जे सांगणार आहे ते खरं आहे.

'सत्य घटना' असं वर लिहून खाली काहीही ठोकून देतात, हे मलाही कळतं. मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत असल्या गोष्टी वाचते आणि अर्ध्याहून जास्त वेळा हसते. तुम्हीही हसा. माझी हरकत नाही.

पण ही माझ्याच घरात घडली. आणि रात्री नाही. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं, दिवे गेलेले नव्हते. शनिवारची दुपार होती. खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं.

म्हणूनच मला अजून उन्हाची भीती वाटते.

आमचं घर दुमजली, दोन घरांच्या मध्ये चेपून बसवल्यासारखं. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर. वर आमची झोपायची खोली आणि तिच्यापुढे बाबांची. बाबा म्हणजे माझे सासरे. लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. आयुष्यभर माणसांना वर-खाली नेलं, आता जरा आडवं नेतो, असं म्हणायचे. कारण त्यांच्या खोलीत पलंग कमी आणि आगगाडी जास्त होती.

खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. खोलीभर टेबल, त्यावर रूळ, बोगदा, दोन स्टेशनं, सिग्नल. इंजिनं बोटाएवढी. आणि सगळं डिजिटल.

ते डिजिटल म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा समजावलं होतं. जुन्या पद्धतीत रुळात वीज सोडली की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळतात. यात तसं नाही. वीज सगळीकडे सतत असते, पण प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि तिला एक नंबर असतो. कंट्रोलरच्या पेटीवर नंबर दाबून हाक मारायची. ज्याचा नंबर, तेच हलतं. बाकीची ढिम्म.

"घरातल्यासारखंच आहे," ते म्हणाले होते. "हाक सगळ्यांना ऐकू जाते. उठतो एकच."

तो एक कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही हसलो होतो.

वायरिंगला मी त्यांच्या मदतीला असायचे. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. मेण, बारीक तार, छोटी ज्योत, यात माझा दिवस जातो, त्यामुळे हात थरथरत नाही. बाबांचा थरथरायचा. मग मी टेबलाखाली पाठीवर झोपायचे आणि ते वरून सांगायचे. टेबलाखालून दोन जाड वायरी गेलेल्या, लाल आणि काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांतून हातहातभर अंतरावर बारीक वायरी वर रुळांना जोडायच्या. लाल त्या बाजूला, काळी या बाजूला. एक जरी उलटी लागली तर शॉर्ट. मग पेटी वीज तोडते आणि बीप करते.

ते बीप लक्षात ठेवा.

सासूबाई खाली असायच्या. आम्ही त्यांना आई म्हणायचो. अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलणंही गेलं होतं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांचा पलंग. डाव्या हाताशी, पलंगाच्या कडेला, बाबांनी बेलचं बटण बसवलेलं. त्याची वायर जिन्याच्या कडेने वर, बाबांच्या खोलीत, भिंतीवरच्या बेलपर्यंत.

दिवसा घरात हे दोघंच. मी लॅबमध्ये, नवऱ्याची फिरतीची नोकरी.

आईंनी खुणा ठरवल्या होत्या. एकदा दाबलं की पाणी. तीनदा, की कूस बदलून द्या. आणि दोनदा...

दोनदा म्हणजे काही नको. नुसते या. बसा.

बाबा दर वेळी जायचे. हातातलं टाकून जायचे. त्यांच्या गुडघ्यांचं त्या जिन्याने पार वाटोळं केलं, पण आईंना कधी दुसऱ्यांदा बेल दाबायला लागली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढचं वाचून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल. ते वाईट नव्हते.

त्या शनिवारी लॅब लवकर सुटली.

मी दार उघडलं. वरून गाडीचा आवाज येत होता. घर्रर्र... बारीक, एकसारखा. बोगद्यात शिरली की दबायचा, बाहेर आली की मोकळा व्हायचा.

बाकी घर शांत होतं.

आई पलंगावर तिरक्या झाल्या होत्या. मान उशीवरून खाली आलेली. डोळे उघडे.

मी हाक मारली. हात लावला... गार होता.

त्यांचा अंगठा बटणावर होता.

नुसता टेकलेला नाही. रुतलेला. मी तो उचलला तेव्हा अंगठ्याच्या पेरावर बटणाची गोल खूण उमटलेली होती. खोल. एखाद्याने खूप वेळ, अंगातला सगळा जोर लावून दाबून ठेवावं, तशी.

मी स्वतः बटण दाबून पाहिलं.

वर काहीच वाजलं नाही.

फक्त गाडी... घर्रर्र...

मी जिना चढून गेले. बाबा स्टुलावर बसले होते, हनुवटीखाली हात घेऊन. लहान मुलासारखा चेहरा झाला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बघ, आज पहिल्यांदा पूर्ण फेरी मारली. कुठे अडकली नाही."

मी भिंतीकडे बघितलं. बेलखालच्या सॉकेटमध्ये बेलला वीज देणारा अडॅप्टर नव्हता. तो टेबलाच्या कडेला, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या मोटरींच्या वायरींना लावलेला होता. मोटरींचा स्वतःचा अडॅप्टर जळून बाजूला पडला होता. थोड्या वेळापुरता म्हणून घेतला असणार. मग गाडी फिरली, आणि ते विसरले.

बाबांनी माझ्या नजरेचा माग काढला.

त्यांचा चेहरा कसा उतरला ते मी लिहिणार नाही.

"बाबा, खाली चला," एवढंच मी म्हणाले. ते गेले. जिन्यावर दोनदा अडखळल्याचा आवाज आला.

आणि मी... मी तो अडॅप्टर काढला आणि पुन्हा बेलखाली लावला.

का लावला, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. तेव्हा वाटलं, हा माणूस मोडेल. मुलगा याला कधी माफ करणार नाही. गेलेलं माणूस तर गेलंच. हे सगळं खरं आहे. पण हेही खरं, की हात आपोआप गेला. विचार नंतर आला.

खाली बाबा आईंचा हात धरून बसले होते. मी तो आधीच चादरीवर सरळ ठेवला होता. त्यांनी मला विचारलं, "झोपेतच गेली ना गं ती?"

"हो," मी म्हणाले. "झोपेतच."

डॉक्टर आले. दुसरा झटका असणार म्हणाले. बेल वाजवली होती का, असं त्यांनी सहज विचारलं. बाबा चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. मी म्हणाले, बेल वाजली नाही.

खोटं नव्हतं. बघा ना. शब्दाने खोटं नव्हतं.

नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माझा नवरा सांगायचा, बाबा एका बेलवर धावत जायचे, आईला काही त्रास न होता ती गेली. प्रत्येक वेळी बाबा खाली बघायचे. आणि मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात जायचे.

बाबांनी वरच्या खोलीला कुलूप लावलं. खाली, आईंच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसून राहायचे. जेवण चिवडायचे. शेवटी नवऱ्यानेच हट्ट धरला, गाडी पुन्हा सुरू करा, मन रमेल. मला म्हणाला, तू सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर बस, उरलेलं वायरिंग पुरं करून टाका.

मला नाही म्हणता आलं नाही. काय कारण सांगणार?

उरलेलं काम मागच्या कोपऱ्यातलं होतं. तिथे एक आंधळी साईडिंग होती, म्हणजे पुढे न जाणारा रूळ. त्या कोपऱ्यात नजर पोचत नाही, म्हणून टेबलाच्या पुढच्या पाटीवर एक छोटा लाल दिवा बसवायचा होता. साईडिंगवर इंजिन उभं असेल तर ते थोडी वीज खातं, आणि तेवढ्यावरून दिवा लागतो. इंजिन गेलं की विझतो.

मी टेबलाखाली झोपून वायरींना सोल्डरचे डाग दिले. बाबा वरून वायरी सोडत होते. आम्ही कामापुरतंच बोलत होतो. लाल दे. काळी धर. आधी त्या टेबलाखाली आम्ही किती हसायचो.

काम संपलं. बाबांनी पेटी सुरू केली.

लाल दिवा लागला.

मी बाहेर येऊन कोपऱ्यात वाकून बघितलं. साईडिंग रिकामी होती. एक डबासुद्धा नव्हता...

बाबा म्हणाले, कुठेतरी ओल धरली असेल. आम्ही रूळ पुसले. नवीन वायर टाकली. दिवा तसाच. मग बाबा म्हणाले, साईडिंगची वायरच काप. मी कापली. दोन्ही टोकं माझ्या हातात होती, एकमेकांपासून वीतभर लांब.

"विझला का?" मी खालून विचारलं.

वरून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

मी बाहेर आले. दिवा चालूच होता.

मग त्या पेटीने बीप केलं.

एकदा. थोडं थांबून... पुन्हा एकदा.

दोनदा.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उठले, गुडघ्यावर हात दाबत जिना उतरले. मी मागे गेले. ते रिकाम्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी पुन्हा वर येऊन बघितलं. दिवा विझला होता.

तेव्हा मला उमगलं. टेबलाचा मागचा कोपरा आईंच्या पलंगाच्या बरोबर वर येत होता.

त्यानंतर ते रोजचं झालं. दुपारी पेटी बीप करायची. दोनदा. बाबा खाली जाऊन बसायचे. दिवा विझायचा. एकदा मी घरी असताना त्यांचं सगळ्यात लहान इंजिन, ज्याला ते ठेंगू म्हणायचे, कुणी नंबर न दाबताच हललं. स्टेशनावरून निघालं, बाकीच्या इंजिनांना वळसा घालून हळूहळू मागे गेलं, आणि साईडिंगच्या टोकाशी थांबलं. त्याचे दिवे लुकलुकत राहिले. बाबा उठेपर्यंत.

मी म्हणाले, आपण हे सगळं काढून टाकू. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"रागाने नाही बोलवत ती," ते म्हणाले. "नुसतं ये म्हणते. एवढं तरी करतो."

ते वाळत चालले होते. दिवसातून कितीदा तो जिना. एकदा नवरा दौऱ्यावरून दुपारीच परतला आणि त्याने बाबांना रिकाम्या पलंगाशी बोलताना पाहिलं. पलंगाला काय सांगत होते ते त्याने मला नाही सांगितलं. पण हादरला होता. त्याच संध्याकाळी त्याने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाला, बाबांना डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि ती गाडी आता बंद.

बाबांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास लांब सरकवला.

मग त्यांनी सांगितलं. सगळं. अडॅप्टर जळला, बेलचा काढला, लगेच परत लावणार होतो, गाडी फिरली आणि भान राहिलं नाही.

"परत लावला तोही मीच," ते म्हणाले. "तू यायच्या आत. लाज वाटली म्हणून."

माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

नवरा उठून खिडकीशी गेला. त्याची पाठ आमच्याकडे होती. मग तो वळला, आणि बाबांना नाही, मला म्हणाला, "पण आई झोपेतच गेली ना? तूच पहिल्यांदा पाहिलंस. तिने बेल दाबलीच नसेल, तर ती चालू होती काय आणि बंद होती काय."

बाबांनी मान वर केली. त्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. बुडणारा माणूस काडीकडे बघतो तसं.

"हो," मी म्हणाले. "झोपेतच."

बाबा रडले. मुलाने त्यांना जवळ घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सुरू केला आणि तसाच वाहू दिला. मला माझ्या बोटांत तो अंगठा जाणवत होता.

त्यानंतर बीप थांबलं.

खरंच थांबलं. दिवा लागेना. ठेंगू जागचं हलेना. नवऱ्याने पेटीच्या वायरी काढल्या, ती खोक्यात घालून चिकटपट्टी लावली आणि कपाटात ठेवली. बाबा पोटभर जेवायला लागले. संध्याकाळी फिरायला जायला लागले. वजन वाढलं. मला वाटलं, झालं ते झालं. बोललेलं खोटं एकाला तरी लाभलं.

मग एका दुपारी मी लॅबमधून लवकर आले. किल्ली दारात घातली, आणि...

वरून आवाज आला.

बीप.

दोनदा नाही. तीनदाही नाही. एकच. सुरू झालेला, आणि न थांबणारा. बारीक, सरळ, एखादी तार ताणत न्यावी तसा. मी दारातच उभी. तो चालूच.

बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. कपाट त्यांनी उघडलं होतं. खोकं त्यांच्या हातात होतं. चिकटपट्टी तशीच होती.

ते घाबरलेले नव्हते. गोंधळले होते.

"हे तिचं नाही," ते म्हणाले. "ती इतका वेळ कधी दाबायची नाही. कशाला दाबेल? मी जायचो ना लगेच."



"आणि तू नव्हतीस तोवर वाजलं नाही हे," ते म्हणाले. "सकाळपासून घर गप्प होतं. तू किल्ली लावलीस आणि सुरू झालं."

आवाज कधी थांबला मला आठवत नाही. थांबला तेव्हा माझा उजवा अंगठा बधिर झाला होता. मी तो दारावर दाबून धरला होता.

आता ते मी घरी आले की होतं. रोज नाही. पण होतं. बाबांना आता वाटतं, हे आईंचंच आहे; माझ्या मनावर ताण आहे, म्हणून त्या माझी चौकशी करतात. ते मला समजावतात, घाबरू नकोस, ती तुझ्यावर फार माया करायची. तेच माझी समजूत घालतात, बघा.

परवा संध्याकाळी नवरा घरी होता. मी भांडी पुसत होते, तो पुढच्या खोलीत पेपर वाचत होता. बाबा फिरायला गेलेले. आणि वर सुरू झालं.

या आधी त्याने ते कधीच ऐकलं नव्हतं. या वेळी ऐकलं. पेपर खाली ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला, वर छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कसला आवाज गं? कोणीतरी बटण दाबून धरल्यासारखा?"

मला तिथेच सांगता आलं असतं. तो चिडला असता, तुटला असता, काय झालं असतं ते झालं असतं. माझ्या हातात ओलं ताट होतं. आवाज चालूच होता. माझ्या उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

"शॉर्ट झालं असेल कुठेतरी," मी म्हणाले.

आवाज त्याच क्षणी थांबला.

तो म्हणाला, पेटी तर कपाटात आहे. मी म्हणाले, मग शेजारचा असेल. तो परत पेपरकडे गेला. पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

तेव्हापासून घरात एकदाही बीप झालेलं नाही.

मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. मी घरात शिरते, किल्ली ठेवते, आणि उभी राहून कान देते. काही नाही. वर जाते. काही नाही. आईंनी बोलवायचं सोडलं, याचा अर्थ मला लागत नाही. कुणी कंटाळून सोडतं, कुणी माफ करून सोडतं. आणि कुणी, आपल्याला हवं ते उत्तर कधीच येणार नाही हे कळलं, म्हणून सोडतं.

हे मी लॅबमध्ये बसून लिहितेय. सगळे गेलेत. बाहेर अजून ऊन आहे. नवऱ्याचा मेसेज आलाय, कधी येतेस म्हणून.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.